मागे थांबणारा गडी : म्युनिकचा श्वार्त्सेनबेक

शाळेच्या मैदानावर फुटबॉलचे दोन संघ पाडायची वेळ आली की दरवेळी एकच अडचण उभी राहते. पुढे खेळायला सगळेच तयार असतात. "मागे कोण थांबणार?" असे विचारले की मुले खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागतात. शेवटी वर्गातला जो सर्वांत भिडस्त, किंवा ज्याला धावता येत नाही असे इतरांनीच ठरवून टाकलेले असते, त्याला मागे उभे केले जाते. तोही शिक्षा झाल्यासारखा मान खाली घालून जातो. घरी गेल्यावर आई विचारते, "आज किती गोल केलेस?" पोराजवळ उत्तर नसते. "आज किती गोल होऊ दिले नाहीस?" असे विचारणारी आई आम्हाला अजून भेटायची आहे. खरे सांगायचे तर आम्ही शिक्षकमंडळीही हा प्रश्न क्वचितच विचारतो.

म्हणून आज या पानावर आम्ही अशाच एका मागे थांबणाऱ्या गड्याची हकीकत सांगणार आहोत. तो आपल्या बेटाचा नाही आणि आपल्या भाषेचाही नाही. जर्मनीतील म्युनिक शहराचा तो रहिवासी. नाव हान्स-गेओर्ग श्वार्त्सेनबेक. नाव उच्चारायला जड आहे खरे, पण त्याच्या शहरातले लोक त्याला नुसते 'काट्शे' म्हणत, तेव्हा आपणही जीभ फार वळवायचे कारण नाही. बेकेनबाउर आणि म्युलर ही नावे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या फुटबॉलवेड्यांना आजही पाठ आहेत. श्वार्त्सेनबेक त्यांच्याच संघात, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून खेळला. पण त्याचे नाव घेतले तर बहुतेक जण डोके खाजवतील.

शहर आणि संघ

म्युनिक ही बव्हेरिया प्रांताची राजधानी. ईझार नावाची नदी शहराच्या मधून वाहते. श्वार्त्सेनबेकचा जन्म याच शहरात ३ एप्रिल १९४८ रोजी झाला. महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षे झाली होती. बॉम्बहल्ल्यांत शहराची मोठी पडझड झाली होती आणि लोक विटा गोळा करून पुन्हा घरे उभी करीत होते. अशा दिवसांत वाढलेल्या पिढीला कष्टाचे वेगळे धडे द्यावे लागले नाहीत.

आज आपल्याकडची मुले बायर्न म्युनिकचा लाल सदरा घालून मिरवतात. त्यांना सांगून खरे वाटणार नाही, पण १९६३ साली जर्मनीत बुंडेसलीगा ही अखिल देशाची पहिली साखळी स्पर्धा सुरू झाली तेव्हा बायर्न म्युनिकला तीत जागाच मिळाली नव्हती. जागा मिळाली ती त्याच शहरातील दुसऱ्या संघाला, १८६० म्युनिकला. बायर्नला वरच्या साखळीत यायला १९६५ साल उजाडावे लागले, आणि १९६६ साली विजेतेपद मिळवले तेही १८६० म्युनिकनेच. म्हणजे बायर्न हा त्या काळी शहरातला धाकटा भाऊ होता.

या धाकट्या भावाच्या घरात मात्र तीन असामान्य तरुण होते : गोलरक्षक सेप मायर, गोलांचा पाऊस पाडणारा गेर्ड म्युलर आणि फ्रान्झ बेकेनबाउर. १९६६ साली अठरा वर्षांचा श्वार्त्सेनबेक या मंडळींत येऊन दाखल झाला. उंच, हाडापेराने मजबूत, दिसायला जरा ओबडधोबड. पायांत जादू होती असे त्याच्याविषयी कुणी कधी म्हटले नाही. पण एकदा त्याला जागा मिळाली ती कुणाला हिरावून घेता आली नाही. १९६८-६९ च्या हंगामात बायर्नने साखळीचे विजेतेपद आणि जर्मन चषक अशी दोन्ही बक्षिसे पटकावली. त्या संपूर्ण साखळी हंगामात बायर्नने अवघे १३ खेळाडू वापरले. त्या तेरांत एकवीस वर्षांचा आपला हा गडी होता.

कैसर आणि त्याचा राखणदार

श्वार्त्सेनबेकचे काम नेमके काय होते हे समजण्यासाठी त्या काळच्या जर्मन संघांची मांडणी थोडी समजून घ्यावी लागेल. प्रत्येक बचावपटूला प्रतिपक्षाचा एकेक गडी नेमून दिलेला असे. तो जाईल तिकडे सावलीसारखे त्याच्यामागे जायचे, त्याला मोकळा श्वास घेऊ द्यायचा नाही. मधल्या बचावपटूला स्टॉपर म्हणत. त्याच्या वाट्याला सर्वांत धोक्याचा गडी येई, तो म्हणजे समोरच्या संघाचा मुख्य आक्रमक. आणि या सर्वांच्या मागे, गोलरक्षकाच्या पुढे, एक गडी मोकळा ठेवीत. त्याला लिबेरो म्हणत. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच मोकळा असा आहे. पुढच्यांच्या हातून जे निसटेल ते त्याने सावरायचे.

बेकेनबाउरने या जागेचे रूपच पालटून टाकले. लिबेरोने मागेच का थांबावे, असा जणू त्याने प्रश्न केला. चेंडू पायाशी आला की तो मान ताठ ठेवून मैदानाच्या मध्यातून पुढे निघे, सोबत्यांना चेंडू देत-घेत थेट प्रतिपक्षाच्या दारापर्यंत पोहोचे. त्याच्यावर कुणाचाच पहारा नेमलेला नसल्याने समोरच्या संघाची तारांबळ उडे. साऱ्या जगाने या खेळाची वाहवा केली. लोक त्याला कैसर, म्हणजे सम्राट, म्हणू लागले.

पण घरधनी मुलुखगिरीला निघाला की घर कुणीतरी राखावेच लागते. बेकेनबाउर पुढे असताना चेंडू मध्येच हिरावला गेला तर सेप मायरच्या पुढे उरणार कोण? उरत असे श्वार्त्सेनबेक. बेकेनबाउरचे पाऊल पुढे पडले की हा आपल्या नेमलेल्या आक्रमकावर एक डोळा ठेवून मागे सरके आणि ती रिकामी जागा झाकी. दोघांचे काम एकट्याने करायचे, तेही कुणी न सांगता, नुसत्या नजरेवर. चेंडू अडवायचा, डोक्याने परतवायचा आणि जवळच्या सोबत्याकडे साधेपणाने सोपवायचा. नटवेपणा नाही, टाळ्यांची अपेक्षा नाही. बेकेनबाउरला जे स्वातंत्र्य मिळाले त्याची किंमत कुणाच्या पायांनी मोजली, याचे उत्तर इथे आहे.

जर्मन वर्तमानपत्रांनी श्वार्त्सेनबेकला एक टोपणनाव दिले होते. त्याचा अर्थ 'कैसरची झाडलोट करणारा' असा काहीसा होतो. ऐकायला ही थट्टा वाटते. पण झाडलोट करणाऱ्याची किंमत घराला केव्हा कळते? ज्या दिवशी तो येत नाही त्या दिवशी. असाही एक दिवस पुढे आला. तो आम्ही सांगणारच आहोत. त्याआधी ज्या एका रात्री हा गडी स्वतः पुढे गेला त्या रात्रीची गोष्ट ऐकू या.

ब्रसेल्सची रात्र

१५ मे १९७४. बेल्जियममधील ब्रसेल्स शहराचे हायझेल मैदान. युरोपियन चषकाचा अंतिम सामना. एका बाजूला बायर्न म्युनिक, दुसऱ्या बाजूला स्पेनचा अॅटलेटिको माद्रिद. तोवर एकाही जर्मन संघाने हा चषक जिंकला नव्हता. १९६० साली फ्रांकफुर्टचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला होता, पण रेआल माद्रिदने त्याचा ७-३ असा फडशा पाडला होता.

नव्वद मिनिटांत कुणालाच गोल करता आला नाही. अर्ध्या तासाचा जादा खेळ सुरू झाला. ११४ व्या मिनिटाला अॅटलेटिकोच्या लुईस अरागोनेसने फ्री-किकवर चेंडू बचावाच्या भिंतीवरून अलगद जाळ्यात टाकला. सेप मायर जागच्या जागी उभा राहिला. आता सहा मिनिटे उरली होती. ती एकेक करून सरली. स्पेनचे प्रेक्षक जल्लोष करू लागले. शेवटचे मिनिट चालू झाले.

बेकेनबाउरने चेंडू बाजूला सरकवला तो श्वार्त्सेनबेककडे. समोर मोकळी जागा होती. त्याला रोखायला कुणी धावले नाही, कारण हा गडी गोलावर चेंडू मारील अशी भीती कुणालाच नव्हती. तो चार पावले पुढे गेला. गोल अजून पंचवीस-तीस मीटर दूर होता. त्याने सरळ पाय उचलला आणि चेंडू हाणला. जमिनीलगत सूं सूं करीत चेंडू गर्दीतून वाट काढत गेला आणि गोलरक्षक मिगेल रेनाला चकवून जाळ्याच्या कोपऱ्यात शिरला. १-१.

त्या वेळी पेनल्टी मारून अंतिम सामन्याचा निकाल लावण्याची पद्धत या स्पर्धेत नव्हती. बरोबरी झाली तर सामना पुन्हा खेळायचा. दोनच दिवसांनी, १७ मे रोजी, त्याच मैदानावर दोन्ही संघ पुन्हा उतरले. अॅटलेटिकोच्या खेळाडूंच्या अंगातले बळ जणू त्या एका फटक्याने निघून गेले होते. उली हॉनेसने दोन आणि गेर्ड म्युलरने दोन गोल केले आणि बायर्नने ४-० असा विजय मिळवला. या स्पर्धेच्या साऱ्या इतिहासात अंतिम सामना पुन्हा खेळावा लागला तो एवढा एकच. पुढे १९७५ आणि १९७६ सालीही बायर्नने हा चषक जिंकला. बायर्नच्या आजच्या वैभवाची पहिली वीट त्या रात्री रचली गेली असे म्हटले तर वावगे ठरणार नाही, आणि ती वीट ठेवली एका बचावपटूने.

आता आकडे पाहा. बुंडेसलीगातील ४१६ सामन्यांत श्वार्त्सेनबेकने एकूण २१ गोल केले. देशाच्या संघाकडून तो ४४ सामने खेळला, त्यांत त्याच्या नावावर एकही गोल नाही. गोल मोजून माणसाची किंमत करणाऱ्याने हे आकडे पाहिले तर तो या गड्याला संघाबाहेर काढील. पण त्याच्या उपस्थितीत जे गोल झालेच नाहीत त्यांची नोंद कोणत्या वहीत असते?

१९७४ चा तो उन्हाळा आणि आपण

१९७४ हे साल आपल्या बेटालाही फुटबॉलच्या दृष्टीने मोलाचे. त्या मार्च महिन्यात इजिप्तमध्ये झालेल्या आफ्रिका चषक स्पर्धेत मॉरिशसचा संघ खेळला. त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत आपण आजवर गेलो ते एवढ्या एकाच वेळी. कॉंगोने आपल्याला २-० ने, गिनीने २-१ ने आणि झाईरने ४-१ ने हरवले. झाईरने ती स्पर्धा जिंकली, आणि तोच संघ विश्वचषकासाठी पश्चिम जर्मनीला गेला. आपल्यावर चार गोल करणाऱ्या त्या संघाला तिथे युगोस्लाव्हियाने ९-० असे लोळवले. थोरल्या मैदानावर बचाव कोलमडला म्हणजे काय होते, ते त्या दिवशी साऱ्या आफ्रिकेने पाहिले.

२२ जून १९७४ हा दिवस बचावपटूंच्या दृष्टीने विलक्षण ठरला. गेल्सेनकिर्खेन येथे झाईरचा सामना ब्राझीलशी होता. ब्राझीलला फ्री-किक मिळाली. शिटी वाजताच झाईरचा बचावपटू म्वेपू इलुंगा भिंतीतून धावत सुटला आणि ब्राझीलच्या गड्याने चेंडूला पाय लावायच्या आधीच त्याने तो दूर उडवून दिला. जग पोट धरून हसले. बिचाऱ्याला नियमही ठाऊक नाहीत, असे म्हटले गेले. इलुंगाने पुढे सांगितले की नियम त्याला चांगला ठाऊक होता. खेळाडूंना कबूल केलेले पैसे मिळाले नव्हते आणि देशाच्या हुकूमशहाकडून धमक्या आल्या होत्या. त्या रागाच्या भरात त्याने तसे केले. त्याचे हे म्हणणे लोकांच्या कानी पडायला कित्येक वर्षे जावी लागली. बचावपटूचे चांगले काम विसरले जाते आणि चूक मात्र चित्रफितीवर कायमची राहते, ती अशी.

त्याच दिवशी हॅम्बुर्गला पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी समोरासमोर उभे होते. एका घराचे दोन भाऊ, मध्ये भिंत. ६८ व्या मिनिटाला पश्चिम जर्मनीच्या प्रशिक्षकाने श्वार्त्सेनबेकला बाहेर बोलावून त्याच्या जागी होटगेस या दुसऱ्या बचावपटूला धाडले. ७७ व्या मिनिटाला पूर्व जर्मनीच्या श्पारवास्सरने मधून मुसंडी मारून गोल केला आणि सामना १-० असा जिंकला. आता श्वार्त्सेनबेक असता तर तो गोल झालाच नसता, असे ठामपणे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पण झाडलोट करणारा घरात नसल्याचा दिवस तो हाच.

पुढच्या सामन्यांत तो पुन्हा आपल्या जागी उभा राहिला. ७ जुलै रोजी म्युनिकच्याच ऑलिंपिक मैदानावर अंतिम सामना झाला. समोर क्रॉयफचा हॉलंड संघ. एकाही जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागण्यापूर्वी हॉलंडने पेनल्टीवर गोल केला. घरच्या मैदानावर, घरच्या माणसांसमोर, पहिल्याच क्षणी अशी वेळ आली. पण संघ डगमगला नाही. ब्राइटनरने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि मध्यंतरापूर्वी म्युलरने दुसरा गोल केला. त्यानंतरची पंचेचाळीस मिनिटे हॉलंडचा संघ लाटांसारखा आदळत राहिला आणि जर्मन बचाव धरणासारखा उभा राहिला. २-१ असा विजय झाला. त्या अकरांत सहा गडी बायर्न म्युनिकचे होते : मायर, बेकेनबाउर, श्वार्त्सेनबेक, ब्राइटनर, हॉनेस आणि म्युलर. चषक उंचावतानाची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत आपला काट्शे शोधावा लागतो.

वह्या-पेन्सिलींचे दुकान

खेळाचे दिवस कुणालाच पुरत नाहीत. १९७७ साली बेकेनबाउर न्यूयॉर्कला गेला आणि पुढे १९९० साली प्रशिक्षक म्हणून त्याने देशाला पुन्हा विश्वचषक मिळवून दिला. म्युलरही १९७९ साली अमेरिकेला गेला. हॉनेस सत्ताविसाव्या वर्षीच बायर्नचा व्यवस्थापक झाला. श्वार्त्सेनबेक मात्र आयुष्यभर एकाच संघाचा राहिला. टाचेच्या वरच्या शिरेला, अकिलीस टेंडनला, झालेल्या दुखापतीने त्याला जायबंदी केले आणि १९८१ साली त्याने खेळाला रामराम ठोकला.

पुढे त्याने काय केले? वाचकहो, ही गोष्ट आम्हा शिक्षकांच्या मनाला फार भावली, आणि खरे तर याच कारणाने आम्ही हा लेख लिहायला बसलो. म्युनिकमध्ये ईझार नदीच्या उजव्या तीरावर आऊ नावाचा जुना भाग आहे. कारागीर आणि हातावर पोट असणाऱ्यांची ही वस्ती. १८५४ साली ती शहरात सामील झाली. तिथल्या मारियाहिल्फ चर्चसमोरच्या चौकात आजही वर्षातून तीनदा जत्रा भरते. या आऊ भागातील ओलम्युलर रस्त्यावर घरच्या मंडळींकडून आलेले एक लेखनसामग्रीचे दुकान श्वार्त्सेनबेकने चालवायला घेतले. वह्या, पेन्सिली, खोडरबर, लिफाफे, वर्तमानपत्रे. विश्वचषक जिंकलेला माणूस गल्ल्यामागे उभा राहून शाळेतल्या पोरांना आखीव वह्या मोजून देऊ लागला. एक दोन वर्षे नव्हे, कित्येक वर्षे. बायर्न म्युनिकच्या कचेरीला लागणारे कागद आणि पेनेही त्याच्याच दुकानातून जात. ज्या संघाची दारे त्याने मैदानावर राखली, त्याच संघाला तो शाई पुरवीत होता.

यात काही जण शोकांतिका पाहतील. एवढा मोठा खेळाडू आणि दुकानदार! आम्हाला तसे वाटत नाही. पेन्सिली विकण्यात कमीपणा आहे असे ज्याला वाटते त्याने शाळा उघडायच्या आठवड्यात एखाद्या दुकानात जाऊन उभे राहावे. नवी वही हातात घेऊन तिचा वास घेणाऱ्या पोराचा चेहरा पाहावा. मैदानावर जसे याने बेकेनबाउर होण्याचा हट्ट धरला नाही, तसेच मैदानाबाहेरही धरला नाही. आपले काम कोणते हे ज्याला कळले तो सुखी, असे आपले वाडवडील म्हणत आले आहेत.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजच्या बायर्नच्या श्रीमंतीच्या मुळाशी ज्यांचे पाय झिजले त्या पिढीतील बचावपटूंना त्या श्रीमंतीचा फार थोडा वाटा मिळाला. खेळ संपल्यावर पोटापाण्याचा मार्ग त्यांना स्वतःच शोधावा लागला. आपल्या मुलांना फुटबॉलच्या वेडापायी अभ्यास सोडावासा वाटतो तेव्हा त्यांना ही गोष्टही जरूर सांगावी. विश्वचषकाचे पदक असले तरी गल्ल्याचा हिशेब यावा लागतो.

खिंड राखणारे

रणाची आणि खेळाची बरोबरी कुणी करू नये. पण मागे थांबण्याचे मोल आपल्या मराठी मंडळींना दुसऱ्या कुणी शिकवायला नको. शिवजयंतीला आपण मुलांना बाजीप्रभू देशपांड्यांची कथा सांगतो. १६६० सालच्या जुलैत, भर पावसात, शिवाजी महाराज विशाळगडाकडे पुढे निघाले आणि बाजीप्रभू घोडखिंडीत मागे थांबले. महाराज गडावर सुखरूप पोहोचले ते मागे खिंड राखली गेली म्हणून. त्या खिंडीला आपण आज पावनखिंड म्हणतो. ज्या समाजाने मागे थांबणाऱ्याच्या नावाने जागा पावन केली, त्याच समाजाच्या पोराला मागे उभे राहणे शिक्षा वाटावी, हे काही बरे नाही.

आणि दूर कशाला जावे? दिवसभर उसाच्या मळ्यात राबून संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात बैठकीत पोरांना बाराखडी गिरवायला लावणारी माणसे आपल्याच वाड्यांवर होऊन गेली. त्यांच्या शिकवणीतून कुणी डॉक्टर झाले, कुणी वकील, कुणी मंत्री. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. बैठकीतल्या गुरुजींचे नाव पुष्कळ गावांत आता कुणाला आठवतही नाही. पण आज तुम्ही हे पान मराठीत वाचू शकता, याचा अर्थ कुणीतरी बराच काळ मागे थांबून दार राखले होते. तुमच्या घरात किंवा गावात असे कुणी होऊन गेले असेल तर त्याचे नाव मुलांना सांगा, वहीत लिहून ठेवा. ते विसरले गेले तर पुन्हा सापडणार नाही.

शेवटी पालकांना एक विनंती. या आठवड्यात मुलगा किंवा मुलगी मैदानावरून चिखलाने माखून घरी आली आणि आज मागे खेळलो असे हिरमुसून सांगू लागली, तर तिला किती गोल केलेस असे विचारू नका. किती अडवलेस, असे विचारा. आणि मग तिला म्युनिकच्या त्या दुकानदाराची गोष्ट सांगा.